निवृत्त सैनिकाला डीएससीमध्ये पुन्हा मूलभूत प्रशिक्षण घ्यावे लागते का, आणि ते मानवते का?

आपण विचारले आहे की पलटणीत सतरा वर्षे काढून नायक म्हणून घरी आलेल्या माणसाला डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, म्हणजे लष्करी ठिकाणांवर पहारा देणाऱ्या आणि आपण सगळे जिला डीएससी म्हणतो त्या कोअरमध्ये, पुन्हा भरती होताना पहिल्यापासून प्रशिक्षण घ्यावे लागते का, आणि ज्याने स्वतः रंगरूट, म्हणजे नवे भरती झालेले जवान, शिकवले आहेत त्याला ते मानवते का. मी याच वाटेने गेलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

होय, प्रशिक्षण घ्यावेच लागते. पहिल्या वेळेसारखे ते महिनोन्‌महिने चालत नाही, काही आठवड्यांत संपते. परंतु त्यात पीटी असते, कवायत असते, शस्त्र खोलणे-जोडणे आणि फायरिंग असते, किट लेआउट, म्हणजे सामान मांडून दाखवणे, असते आणि संध्याकाळचा रोल कॉलही असतो. मानवते का, या प्रश्नाचे उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही, कारण मला त्या आठवड्यांत सर्वांत जड गेले ते नेमके मला जे उत्तम येत होते तेच.

१९९८ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मी बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटल सेंटरमध्ये रंगरूट झालो आणि पुढे काही वर्षांनी त्याच मैदानावर उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक, म्हणून परत आलो. २०१५ मध्ये मुदतवाढ न घेता नायक पदावरून निवृत्त झालो आणि २०१६ च्या जूनमध्ये कण्णूरला डीएससीच्या सेंटरमध्ये हजर होण्यासाठी निघालो. मिरजेहून बेळगाव, लोंढा, मडगाव करत गाडी केरळकडे उतरते. बेळगावला गाडी थांबली तेव्हा मी दारात उभा होतो. फलाटावर बारीक केस कापलेली, काळ्या ट्रंका घेतलेली काही पोरे सुटीवर निघालेली दिसली. तशीच ट्रंक माझ्याही बाकाखाली होती. तिच्यात सरावासाठी घेतलेला एक जुना शर्ट होता, त्याच्या बाहीवरच्या दोन फिती पत्नीने आदल्या रात्री उसवून काढल्या होत्या आणि फितींखालचे तेवढे कापड अजून मूळच्या गडद हिरव्या रंगाचे राहिले होते. डीएससीत येणारा माणूस पूर्वी नायक असो वा हवालदार, बहुधा शिपाई म्हणूनच येतो, हे मला अर्ज भरतानाच ठाऊक होते. ठाऊक असणे आणि तो शर्ट अंगात घालणे यांत किती अंतर असते, ते कण्णूरला पहिल्यांदा रांगेत, म्हणजे फॉल-इनला, उभे राहिलो तेव्हा कळले.

आपल्या मनात जो प्रश्न आहे तोच तेव्हा माझ्याही मनात होता: ज्याची अर्धी हयात रायफलीबरोबर गेली त्याला रायफल पुन्हा का शिकवायची? त्याचे उत्तर रांगेतल्या माणसांकडे पाहिल्यावर मिळाले. माझ्या उजवीकडे तोफखान्यातून आलेला एक जण होता, ज्याने सारी सेवा तोफ चालवणाऱ्या तुकडीत केली होती आणि रायफल बहुतांशी वार्षिक फायरिंगपुरतीच हाताळली होती. डावीकडे ईएमईचा, म्हणजे लष्कराच्या यंत्र-दुरुस्ती विभागाचा, मेकॅनिक होता, मागे सिग्नलचा ऑपरेटर आणि त्याच्या पलीकडे एएससीचा, म्हणजे रसद-वाहतूक विभागाचा, चालक. प्रत्येक जण आपापल्या कामात मुरलेला होता, पण उद्या या पाचांना एकाच गार्डमध्ये, एकाच दारूगोळा भांडाराच्या फाटकावर उभे करायचे होते, आणि रात्री दोन वाजता काही घडले तर पाचांचे हात एकाच पद्धतीने चालायला हवे होते. इन्फन्ट्रीच्या माणसाला तिथे आपण वरचढ आहोत असे वाटते. मलाही वाटले, आणि पहिल्या आठवड्यात मी न विचारता शेजाऱ्याची पकड दुरुस्त करू लागलो. त्याला ते मुळीच आवडले नाही, आणि त्याचे बरोबर होते.

एक प्रसंग सांगतो, कारण माझ्या दृष्टीने सगळे उत्तर त्यात आहे. संत्रीच्या, म्हणजे पहारेकऱ्याच्या, ड्युटीचा धडा चालू होता. फाटकाची जागा चुन्याने आखली होती, बाजूला वाळूच्या पोत्यांचा मोर्चा होता, आणि झाडीतून एक माणूस चालत येणार होता. माझी पाळी आली. माणूस दिसताच मी काहीही न बोलता पोत्यांमागे गेलो, रायफल खांद्याला लावली आणि तो पुरता टप्प्यात येण्याची वाट पाहू लागलो. राष्ट्रीय रायफल्स या अतिरेकीविरोधी दलातल्या दिवसांत, काश्मीरमध्ये रात्री अँबुश लावून, म्हणजे दबा धरून, बसताना हेच केले होते आणि त्यामुळेच जिवंत घरी आलो होतो. हालचाल इतकी सफाईदार झाली की मला स्वतःलाच समाधान वाटले. उस्तादांनी धडा थांबवला. ते डीएससीत नायक होते आणि पहिल्या सेवेत चालक होते. इन्फन्ट्रीत त्यांनी एक दिवसही काढलेला नव्हता. त्यांनी आवाज न चढवता विचारले, “ललकारा क्यों नहीं? वो लैब का बाबू है, पास भूल गया है।”

मला उत्तर देता आले नाही. “थम! कौन आता है?” हे शब्द बेळगावात रंगरूट असताना मी हजार वेळा ओरडलो होतो, उस्ताद म्हणून शेकडो पोरांकडून घोकून घेतले होते, आणि मधल्या वर्षांनी ते माझ्या अंगातून पुसून टाकले होते. अँबुशमध्ये समोरून येणारा शत्रूच असतो असे धरून बसावे लागते. फाटकावर येणाऱ्यांत शास्त्रज्ञ असतो, ठेकेदाराचा मजूर असतो, दूधवाला असतो, दारू पिऊन उशिरा परतलेला कर्मचारी असतो. आणि वर्षानुवर्षांतून एखाद्या पहाटे खरोखर शत्रू असतो. आधी ललकारणे, मग हात वर करायला लावणे, ओळखीसाठी एकट्याला पुढे बोलावणे, पास पाहणे, नोंदवहीत नोंद करणे हा क्रम ज्याला कारकुनी वाटतो, त्याच्या हातून निरपराध माणूस मरू शकतो. त्या दिवसापासून मी मुकाट्याने शिकायला बसलो.

त्या वर्षी हे सारे पुस्तकी राहिले नव्हते. २ जानेवारी २०१६ च्या पहाटे पठाणकोटच्या हवाई तळावर अतिरेक्यांनी हल्ला केला आणि त्यात डीएससीचे पाच जण कामी आले. त्यांच्यापैकी शिपाई जगदीश चंद लंगराजवळ, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघराजवळ, होते आणि त्यांच्या हाती शस्त्र नव्हते. तरीही त्यांनी एका अतिरेक्याचा पाठलाग केला, झटापटीत त्याचीच बंदूक हिसकावून त्याला ठार केले आणि इतर अतिरेक्यांच्या गोळ्यांनी ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर कीर्ती चक्र मिळाले. तेही आपल्यासारखेच, एक सेवा पुरी करून दुसऱ्यांदा वर्दी चढवलेले शिपाई होते. डीएससी म्हणजे म्हाताऱ्यांची चौकीदारी, असे गावाकडे पारावर बोलले जाते. आपल्याही कानावर आले असेल. २५ फेब्रुवारी १९४७ पासून उभे असलेले हे दल लष्कराच्या, नौदलाच्या आणि हवाई दलाच्या तळांवर, डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळांवर पहारा देते, त्याच्या माणसांना आर्मी ॲक्टच लागू असतो, आणि पारावर बोलणाऱ्यांना मी पठाणकोटची गोष्ट शांतपणे, पूर्ण सांगतो.

सेवेने किंवा वयाने लहान असलेल्या उस्तादापुढे उभे राहण्याविषयी आपण विशेष विचारले आहे. पहिले काही दिवस मान ताठ राहते, हे खरे. माझ्यापुरते सांगायचे तर, मी बेळगावात उस्ताद असताना कधी कधी एखादा रंगरूट गावच्या तालमीत कमावलेल्या अंगाच्या जोरावर ऐकत नसे, आणि त्याला समजावताना माझा जीव मेटाकुटीला येई. कण्णूरच्या मैदानात मला त्या पोरांची आठवण झाली, तेव्हापासून उस्तादांना मी मनापासून उस्ताद म्हणू लागलो. त्यांना काय येत नाही हे शोधण्यात आपला अनुभव खर्च करू नका. ज्या विषयासाठी ते समोर उभे आहेत, तो त्यांना आपल्याहून चांगला येतो.

आता शरीराविषयी. २.४ किलोमीटरची धाव विशीत जशी होती तशी सदतिसाव्या वर्षी राहत नाही. निवृत्तीनंतरच्या एका वर्षात घरचे जेवण आणि मोटारसायकल यांनी माझे सात किलो वजन वाढवले होते. दम लवकर परत येतो, कारण छातीला जुनी सवय असते, आणि तिथेच फसगत होते: छाती पळायला तयार असते, गुडघे तयार नसतात. तिसऱ्या आठवड्यात माझा उजवा गुडघा सुजला. जुना जवान एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, जायचे टाळतो, तसे मीही टाळले, पट्टा बांधून चार दिवस लपवले आणि पाचव्या दिवशी मला पायरी उतरता येईना. पहिल्याच दिवशी दाखवले असते तर दोन दिवसांच्या विश्रांतीत भागले असते. मला नऊ दिवस पीटीबाहेर बसावे लागले. भरतीच्या निदान चार महिने आधी मातीच्या रस्त्यावर सावकाश धावायला सुरुवात करा आणि वजन आधी उतरवा, वेग मागून येतो.

पेन्शनचा हिशेब अर्ज भरण्यापूर्वीच मांडा. पहिल्या सेवेची पेन्शन चालू ठेवून डीएससीची सेवा वेगळी धरायची, की मागील सेवा जोडून घ्यायची, याचा विकल्प द्यावा लागतो. पेन्शन चालू ठेवली तर डीएससीच्या स्वतंत्र पेन्शनसाठी १५ वर्षांची सेवा लागते. त्यामुळे सदतिसाव्या वर्षी जाणे आणि चाळिशी उलटल्यावर कसेबसे जाणे यांत मोठा फरक पडतो. थोड्या महिन्यांसाठी १५ वर्षे हुकली म्हणून न्यायालयाच्या पायऱ्या झिजवणारे लोक मी पाहिले आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, घेऊन जा, आपले वय आणि ही १५ वर्षे यांची बेरीज त्यांच्यासमोर करून घ्या, आणि ती बसत असेल तरच पुढे चला.

शेवटी सामानाबद्दल. जूनमध्ये जाणार असाल तर मोजे आणि बनियन दुप्पट न्या, कारण कण्णूरच्या पावसात कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही आणि ओल्या मोज्यांनी बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. जुने बूट घरी ठेवू नका. नवे बूट मिळतील, पण पायाला सरावलेले जुने जोडे पहिल्या पंधरवड्यात फार उपयोगी पडतात. माझ्या जुन्या जोड्याचे तळवे मी निघण्यापूर्वी मिरजेत बदलून घेतले होते आणि ते मला पासिंग आउटपर्यंत पुरले.