दोघांनी गोळा करायचं, तिघांनी वाटायचं

प्रिय मुली,
शालोम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आपल्या सिनेगॉगच्या प्रमुखांचा, मुकादमांचा, राग आला, दुसऱ्यांदा स्वतःचा. तू विश्वस्तांच्या सभेत पासबुक बघायला मागितलंस, ते म्हणाले, "तीस वर्षं केलं त्याचं हे फळ?", चहा तसाच राहिला आणि सभा मोडली. त्यात मुकादम म्हणजे तुझ्या आईचे मामा. मलिद्याच्या ताटातला मोठा खजूर आधी तुझ्या हातावर ठेवणारे. घरी आईने सुनावलं ते वेगळंच. आता विचारतेस, राजीनामा देऊ की ताळेबंदावर सही करून गप्प बसू?

दोन्ही नको. न बघता सही नाही, आणि पळून जाणंही नाही.

तुझा घोळ कुठे झालाय सांगू? तुला आणि मामांना, दोघांनाही वाटतंय की हा मामांच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे. तो नाहीच. तल्मूदात, आपल्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, सरळ म्हटलंय, दानाचा पैसा दोघांनी गोळा करायचा, तिघांनी वाटायचा. गबाई, म्हणजे पैसा सांभाळणारा, लबाड असेल तर दोघं आणि सज्जन असेल तर एक, असं कुठेही नाही. गोळा करायला निघालेल्यांनी एकमेकांची साथ सोडायची नाही. त्यातल्या एकाला बाजारात नाणं सापडलं तर त्याने ते खिशात घालायचं नाही. दानाच्या पिशवीत टाकायचं आणि घरी पोचल्यावर काढून घ्यायचं. नाणं त्याचंच आहे गं. पण लांबून बघणाऱ्याला ते कसं कळणार?

मामा तुला योआश राजाचा दाखला देतील. मीही लोकांना तोच द्यायचो. मंदिराच्या दुरुस्तीसाठी ज्यांच्या हाती पैसा दिला त्यांच्याकडून हिशोब घेत नसत, कारण ते सचोटीने वागत. बायबलमधलं राजांचं दुसरं पुस्तक, बारावा अध्याय. खरं आहे. पण तोच अध्याय जरा वरून वाच. योआशच्या कारकिर्दीचं तेविसावं वर्ष उजाडलं तरी याजकांनी दुरुस्ती केलेली नव्हती. मग झाकणाला भोक पाडलेली पेटी आली. ती भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक मिळून पैसे मोजत, थैल्यांत बांधत. दोघं! ही ओळ मी कित्येक वर्षं गिळून टाकली. आणि शुल्हान आरुख या आपल्या धर्मनियमांच्या ग्रंथावर टीप लिहिताना रब्बी मोशे इसर्लेस म्हणतात, सचोटीच्या गबाईकडे हिशोब मागू नये हे ठीक, तरी त्याने तो आपणहून द्यावा. मामांना हे ऐकव. मागण्याची पाळी तुझ्यावर यायलाच नको होती.

मी एकोणीस वर्षं गबाई होतो. एकटा. चेकवर दोन सह्या लागायच्या, म्हणून दुसऱ्या विश्वस्तांकडून अख्खं चेकबुक आधीच सही करून घ्यायचो. ते वाशीला राहायचे, त्यांना सारखं कुठे बोलवायचं? (बघ, अजून हेच म्हणतो मी.) सिनेगॉगमध्ये हेखाल, म्हणजे तोराच्या गुंडाळ्यांचं कपाट, उघडण्याच्या मानाची बोली लागते, तुला माहीतच आहे. शनिवारचा शब्बाथ असो की सण, त्या दिवशी लिहायचं नाही, पैशाला शिवायचं नाही. रकमा डोक्यात ठेवायच्या आणि नंतर सवडीने वहीत उतरवायच्या. माझी स्मरणशक्ती दांडगी, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो.

एका सिम्हाथ तोराच्या सणाला एका गृहस्थांनी बोली घेतली. मी वहीत 2,501 लिहिले. ते म्हणाले, 1,501. मी चारचौघांत म्हणालो, "माझ्या वहीत चूक नसते." त्यांनी 2,501 रुपये मोजून टेबलावर ठेवले आणि पुन्हा सिनेगॉगची पायरी चढले नाहीत. पुढे कितीतरी शुक्रवारी नऊ जण दाराकडे बघत बसलोय, प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांच्या मिनयानला दहावा मिळेना. आणि ते रस्त्यापलीकडच्या चाळीत, त्यांचा शब्बाथचा दिवा आम्हाला आतून दिसायचा. त्या दिवशी शेजारच्याला "तूही रकमा लक्षात ठेव" एवढं म्हणायला काय जात होतं माझं?

मी पैसा खाल्ला नाही, एक रुपया नाही. उलट पदरचे घातले. पेसाहच्या सणाच्या बिनखमिराच्या भाकरीचं, मात्झाचं, टेम्पोभाडं, कबरस्तानाच्या कुंपणाची तार. न लिहिता घातले आणि जमेल तेव्हा पेटीतून भरून घेतले, तेही न लिहिता. मी खोटा नाही. पण खरा आहे हे दाखवायला माझ्याकडे आज कागदाचा कपटा नाही.

दोघांनी गोळा, तिघांनी वाटप. पाठ कर.

तू म्हणशील, काका, माणसं आहेत कुठे? निम्मं गणगोत इस्रायलला, लोद, दिमोना, अश्दोदला गेलं. उरलेल्यांत किहीमकर म्हणा, पेणकर म्हणा, तिसऱ्या वाक्याला सोयरीक निघते. मान्य. मग नात्यातला दुसरा घे, पण दुसरा घे. आणि ऑडिटर तरी नात्यातला नको. बारशाला येणारा माणूस ताळेबंदावर शेरा मारत नाही.

कागदांचं आत्ताच बघ. विश्वस्त वारला, सोडून गेला, नवा आला, की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम 22. आम्ही अकरा वर्षं दिला नाही. बँकेने खातं थांबवलं तेव्हा सह्या करणाऱ्या तिघांतले दोघं कबरस्तानात होते. दोन म्हाताऱ्या बायकांची रक्तदाबाची औषधं केमिस्टकडे उधारीवर, आणि मी फाइल घेऊन जिने चढतोय.

दुसरं ते पाकीट. लोदहून कुणाचा तरी मुलगा सुट्टीला येतो आणि आजीच्या नावाने पन्नास हजार ठेवतो. पोरगा आपला, बोलतो मराठी, नोटा रुपयांच्या. पण पासपोर्ट इस्रायली असेल तर कायद्याने ती परदेशी देणगी. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेतलं ठरलेलं खातं असल्याशिवाय ती घेता येत नाही. पासपोर्ट भारतीयच ठेवला असेल तर ती परदेशी नाही. म्हणजे पाकिटाला हात लावण्याआधी नागरिकत्व विचारायचं! एकटा गबाई ते कधीच विचारत नाही, त्याला लाज वाटते. शेजारी कुणी बसलेलं असलं की जीभ उचलते.

म्हणून सभेत पुन्हा पासबुक मागू नकोस. रविवारी सकाळी मामांच्या घरी जा आणि म्हण, "मामा, पेटी उघडताना मी तुमच्या बाजूला बसते." तुम्ही दाखवा असं नाही, मी बसते असं. चिडतील. बस. पुढच्या रविवारी पुन्हा जा. तिसऱ्या खेपेला ते स्वतःच नोटा तुझ्याकडे सरकवतील, आता त्यांनाही चष्म्याशिवाय आकडे दिसत नाहीत.

आणि माझं एक काम कर. ते गृहस्थ अजून त्याच चाळीत आहेत. किप्पूरच्या, आपल्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, आधी हजार रुपये घेऊन त्यांच्याकडे जायचंय, माझ्या खिशातले. गेल्या वर्षी जिन्यापर्यंत जाऊन परत फिरलो. तू बरोबर चल. एकट्याने द्यायचे नाहीत मला.

तुझा,
काका