आपल्याच शहरातली परदेशी हॉटेलं धुंडाळायचीत? आधी गोडाच्या दुकानात शिरा

तुमच्या प्रश्नाचा गाभा मला कळला तो असा: शहरात इथिओपियन, अरबी, व्हिएतनामी, तुर्की अशी बरीच हॉटेलं आणि गोडाची दुकानं आहेत, पण सुरुवात कुठून करावी ते सुचत नाही; अ‍ॅपवरच्या तारका बघून गेलं की मिळमिळीत जेवण पदरात पडतं; आणि एकट्याने जायला संकोच वाटतो.

माझं म्हणणं, जेवणाच्या हॉटेलापासून सुरुवातच करू नका. हॉटेलवाल्याला आसपासच्या सगळ्यांची जीभ सांभाळावी लागते, त्यामुळे तिखट कमी होतं, आंबवलेल्या उग्र वासाचे पदार्थ मेनूच्या मागच्या पानावर जातात, आणि प्रत्येक रश्शात थोडी साखर येऊन बसते. गोडाच्या दुकानाचं गणित वेगळं असतं. ते बरंचसं त्याच समाजाच्या सणावारांवर, लग्नकार्यांवर आणि पाहुण्यांकडे न्यायच्या खोक्यांवर चालतं. चव जरा हलली की त्यांच्यातल्याच आजीबाई काउंटरवर येऊन सुनावतात. शिवाय तुमच्या सोयीचंही आहे: एक तुकडा घ्या, उभ्याउभ्या खा, नाही आवडला तर निघा. नावं वाचता येत नसली तरी बोट दाखवून काम भागतं.

कुनाफाच घ्या. दुबई चॉकलेटमुळे हे नाव हल्ली सगळ्यांच्या तोंडी आहे, पण त्या चॉकलेटात असतात त्या पिस्त्यात घोळलेल्या पिठाच्या कुरकुरीत तारा. पॅलेस्टाईनमधल्या नाबलुस शहराच्या नावाने ओळखला जातो तो कुनाफा म्हणजे चीजचा गरम पदार्थ. खारवलेलं पांढरं चीज आधी पाण्यात ठेवून त्याचा खारटपणा काढतात. मोठ्या गोल थाळ्याला तूप चोपडून त्यावर पिठाच्या तारांचा किंवा बारीक रव्यासारखा थर, त्यावर चीज. मग थाळा ज्योतीवर हळूहळू फिरवत राहायचा. कडेने तूप बुडबुडायला लागलं आणि तळ केशरी, खमंग झाला की दुसऱ्या थाळ्यात एका झटक्यात पालथा, वरून पाक, वरून पिस्त्याची पूड. हे बघायला मी काउंटरपाशी मुद्दाम रेंगाळते. कापताना चीजच्या तारा लांबल्या पाहिजेत. थोडा वेळ गेला की चीज आवळतं आणि तोच तुकडा चिवट लागतो. म्हणून काचेच्या कपाटातला गार तुकडा मायक्रोवेव्हमध्ये फिरवून देत असतील तर नको म्हणा. ताजा थाळा किती वाजता निघतो ते विचारा आणि तेव्हा परत जा.

बकलावा, म्हणजे पातळ पापुद्र्यांत सुकामेवा भरून पाकात मुरवलेली मिठाई; त्याची पारख याहून सोपी. तुर्कस्तानातल्या गाझिआन्तेपच्या बकलाव्याला 2013 मध्ये युरोपीय संघाने भौगोलिक मानांकन दिलं, यावरून तिथले लोक याबाबत किती काटेकोर असतील ते समजा. काटा टोचला की वरचे पापुद्रे आवाज करत फुटायला हवेत, आणि थाळ्यात पाकाचं तळं साचलेलं नसावं. जेलाटोच्या, म्हणजे इटालियन आइस्क्रीमच्या दुकानात पिस्त्याचा रंग बघा: भडक हिरवा म्हणजे रंग घातलाय, मळकट हिरवट असेल तर आशा आहे. बबल टी, म्हणजे चघळायचे गोळे घातलेला गोड चहा, मूळची तैवानची, 1980 च्या दशकातली. तिच्यातले टॅपिओकाचे (साबुदाणा ज्याचा करतात त्याच पिठाचे) गोळे शिजवून काही तास झाले की आतून टणक होतात, त्यामुळे गर्दी नसलेल्या दुकानात ती घेण्यात मजा नाही.

आता खरं काम. पैसे देताना काउंटरवरच्या माणसाला विचारा, "सुट्टीच्या दिवशी तुम्ही घरच्यांना घेऊन जेवायला कुठे जाता?" 'इथलं सगळ्यात चांगलं हॉटेल कोणतं' असं विचारू नका, त्याला सगळीकडे तेच एक ठरीव नाव मिळतं, जिथे बाहेरच्यांना पाठवायची पद्धत पडलेली असते. पहिल्या प्रश्नाला मात्र बहुतेक वेळा एखाद्या गल्लीतलं, किराणा दुकानाच्या मागच्या खोलीतलं नाव निघतं. त्या समाजाचं किराणा दुकान दिसलं तर तिथेही शिरा. दारावर चिकटवलेल्या हस्तलिखित चिठ्ठ्या वाचा (किंवा फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून घ्या): शनिवारी कोण काय शिजवणार आहे हे अ‍ॅपवर नसतं, पण तिथे असतं.

अ‍ॅप टाकून द्या असं नाही, पण तारका सोडून तक्रारी वाचा. एका इथिओपियन हॉटेलाला कुणीतरी एक तारा देऊन लिहिलं होतं, "रोटी थंड आणि आंबट." इंजेरा आंबटच असते हो! तेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ काही दिवस आंबवतात आणि मोठ्या तव्यावर एकाच बाजूने भाजतात, म्हणून वरच्या बाजूला ती जाळी पडते. आंबट नसती तर मी काळजीत पडले असते. अशी तक्रार मी शिफारस समजते. "टेबल मळकं होतं" ही तक्रार मात्र तक्रारच.

वेळ चुकली तर चांगलं हॉटेलही वाईट वाटतं. डिमसम, म्हणजे छोट्या टोपल्यांतून येणारे चिनी खाऊचे पदार्थ, हा सकाळपासून दुपारपर्यंत चहाबरोबर खायचा प्रकार; रात्री मागवाल तर ताजेपणाची खात्री नाही. व्हिएतनाममध्ये फो, म्हणजे नूडल्सचं गरम सूप, न्याहारीला खातात, त्यामुळे दुकान सकाळी लवकर उघडत असेल तर ते चांगलं लक्षण. मेक्सिकन खाणावळीत मेनुदोसारखे (गाईच्या जठराचं सूप) तासन्‌तास शिजणारे पदार्थ बऱ्याचदा फक्त शनिवार-रविवारी असतात. अरबी आणि तुर्की गोडाची दुकानं बघायची तर रमजानातली संध्याकाळ, पण रोजा सुटल्यानंतर, आधीच्या तासाभरात नव्हे; तेव्हा लोक उपाशी असतात आणि रांग लांब असते.

शाकाहारी असाल तर इथिओपियन हॉटेल तुम्हाला मानवेल. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे बुधवार-शुक्रवारी आणि मोठ्या उपवासांच्या काळात मांस, दूध, लोणी सगळं वर्ज्य असतं, म्हणून 'उपवासाचं ताट' बहुतेक ठिकाणी मिळतं: डाळी, पालेभाज्या आणि शिरो, म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं मसालेदार घट्टसर कालवण. उलट थाई आणि व्हिएतनामी जेवणात भाजीतही माशाचा सॉस असू शकतो, आणि मूनकेक नावाच्या चिनी सणाच्या गोड पदार्थाच्या पारंपरिक कणकेत डुकराची चरबी. 'मांस आहे का' असं न विचारता या वस्तूंची नावं घेऊन विचारा.

'अस्सल' या शब्दाच्या मात्र फार नादी लागू नका. पेरूमध्ये 1849 पासून चिनी मजूर यायला लागले, आणि त्यांच्या स्वयंपाकातून 'चिफा' नावाचा आख्खा प्रकार उभा राहिला. तो चीनमध्ये सापडणार नाही, पण खोटाही नाही. पश्चिम जर्मनीने 1961 मध्ये तुर्कस्तानशी कामगारांचा करार केला, आणि आज बर्लिनमध्ये पावात भरून मिळणारा डोनर, म्हणजे फिरत्या सळईवर भाजलेल्या मांसाचे काप, हा त्या शहराचाच पदार्थ झालाय. तुमच्या शहरात कोण, कधी आणि कशासाठी आलं एवढं शोधलंत तरी कुठल्या वस्तीत काय मागवायचं याचा अंदाज येतो. थाई हॉटेलं याला अपवाद. 2002 च्या सुमारास थायलंडच्या सरकारनेच परदेशात हॉटेलं वाढवायची मोहीम काढली होती, त्यामुळे थाई वस्ती नसलेल्या शहरातही थाई हॉटेल दिसतं. ते वाईट असतं असं नाही, फक्त तिथे गल्लीतल्या चिठ्ठ्यांची युक्ती चालत नाही.

राहिला एकट्याने जायचा प्रश्न. नूडल्सच्या दुकानात आणि गोडाच्या काउंटरवर एकटंच जावं. फो गरम असतानाच संपवायचा असतो, गप्पांत तो गार होतो. डिमसमला मात्र चौघं तरी हवीत, नाहीतर दोन टोपल्यांत पोट भरतं आणि बाकीचा मेनू तसाच राहतो. इथिओपियन जेवण एकाच मोठ्या ताटात येतं आणि सगळे त्यातूनच हाताने खातात. एकट्यालाही वाढतात, पण सोबत कुणी असेल तर तीन-चार कालवणं जास्त चाखता येतात. पहिल्यांदा जाताना आठवड्याच्या मधल्या वारी, दुपारची गर्दी ओसरल्यावर जा. मालक मोकळे असतात आणि काय मागवावं हे विचारायला उसंत मिळते. फक्त स्वयंपाकघर मधल्या वेळेत बंद ठेवत नाहीत ना, तेवढं फोन करून विचारून घ्या.