इन्स्टंट कॅमेऱ्याने खरंच काही प्रयोग करता येतात, की ते नुसतं पार्टीतलं खेळणं आहे?

तुम्ही लिहिलंय की वाढदिवसाला इन्स्टॅक्स मिनी ११, म्हणजे फोटो काढताच तो तिथल्या तिथे कागदावर देणारा इन्स्टंट कॅमेरा, मिळाला, दोन पॅक म्हणजे वीस फोटो काढून झाले, त्यातले निम्मे पांढरेफटक नाहीतर काळेकुट्ट आले. एका फोटोमागे पन्नास-साठ रुपये जातात म्हणून आता बटणावर बोट जात नाही, आणि घरचे म्हणतात, खेळणं आहे ते, ठेव कपाटात. तुम्हीही ठाण्यातच राहता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी नौपाड्यात राहते, शाळेत विज्ञान शिकवते आणि गेली पाच वर्षं महिन्याला एक पॅक, म्हणजे दहा फोटो, एवढ्याच हिशोबात हा छंद करते आहे. प्रयोग करता येतात, आणि मोबाइलवर जे कधीच शिकले नसते ते या एटीएम कार्डाएवढ्या फोटोंनी मला शिकवलं. मात्र त्यासाठी एक वही लागते. मुलांच्या प्रयोगवहीत असतं तसंच: बटण दाबायच्या आधी लिहायचं की काय येईल असं वाटतंय, प्रकाश कसा आहे, अंतर किती पावलं आहे. फोटो आला की शेजारी काय आलं ते. आधी लिहिणं महत्त्वाचं. फोटो समोर आल्यावर ‘मला असंच हवं होतं’ असं मन स्वतःला पटवून देतं आणि मग शिकणं थांबतं.

आता तुमचे पांढरे फोटो. इन्स्टॅक्सची फिल्म आयएसओ ८०० ची असते (फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे याचा तो आकडा), म्हणजे १०० च्या फिल्मपेक्षा आठपट संवेदनशील. कॅमेऱ्याच्या भिंगाचं प्रकाश येण्याचं छिद्र बारीक, एफ १२.७, आणि शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारा पडदा, स्वतःच वेळ ठरवतं: अंधारात अर्धा सेकंद, उजेडात जास्तीत जास्त १/२५० सेकंद. त्याहून वेगात ते चालत नाही. मे महिन्यात दुपारी बारा वाजता तलावपाळीच्या कट्ट्यावर कुणाला उभं केलंत तर आकाश, पाणी, कपाळ सगळं धुऊन निघणार. शिवाय ही फिल्म फार माफ करणारी नाही, प्रकाश थोडा कमीजास्त झाला की लगेच दाखवते. तोच माणूस चार पावलं मागे झाडाच्या सावलीत घ्या, फोटो सुरेख येतो. उन्हाळ्यात मी सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतरच कॅमेरा बाहेर काढते. पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ तर या फिल्मसाठी वर्षातला सगळ्यात चांगला प्रकाश. ओल्या रस्त्याचे, छत्र्यांचे रंग काय उतरतात!

काळ्या फोटोंचं कारण उलटं. मिनी ११ चा फ्लॅश प्रत्येक वेळी उडतोच, बंद करता येत नाही, आणि तो पोचतो जेमतेम अडीच मीटरपर्यंत. रात्री मासुंदा तलावाच्या पलीकडचे दिवे टिपायला गेलात तर फ्लॅश हवेत विरतो आणि हाती येतो काळोख. पहिल्या वर्षी माझे असे तीन फोटो गेले. चौथ्या वेळी नवऱ्याला दीड मीटरवर उभं केलं आणि दिवे त्याच्या पाठीमागे राहू दिले. त्याचा चेहरा फ्लॅशने उजळला, आणि शटर अर्धा सेकंद उघडं राहिल्यामुळे मागचे दिवेही आले, पण हात हलल्यामुळे त्यांच्या रेघा झाल्या. वहीत मी लिहिलं होतं, ‘दिवे ठिपक्यांसारखे येतील’. आल्या रेघा. पण त्या रेघांमुळेच तो फोटो मला अजून आवडतो.

माझा पहिला खरा प्रयोग तिथूनच सुरू झाला. फ्लॅश चेहरा गोठवतो आणि उरलेल्या अर्ध्या सेकंदात तुम्ही कॅमेरा मुद्दाम हलवू शकता. दिवाळीत राम मारुती रोडवर बहिणीला आकाशकंदिलांखाली उभं करून मी बटण दाबताक्षणी कॅमेरा हळूच उजवीकडे वळवला. तिचा चेहरा स्वच्छ आणि मागे कंदील ताणून लांब झालेले, ओढणीच्या काठासारखे. नंतर तिच्या हातात फुलबाजी देऊन पुन्हा केला.

आकाशकंदिलावरून आठवलं. त्याला लावतो तो रंगीत जिलेटीन कागद उरला असेल तर फेकू नका. बोटभर तुकडा फ्लॅशवर चिकटवला की जवळचा माणूस त्या रंगात न्हातो आणि मागची पार्श्वभूमी आपल्या मूळ रंगात राहते. तोच तुकडा भिंगावर लावला तर सगळंच चित्र रंगीत होतं. पिवळा आणि केशरी झकास चालतो. गडद निळ्याने बराचसा प्रकाश अडतो आणि चित्र अंधारतं, त्यामुळे निळा लावायचा तर भर उजेडात. कागद लावताना फ्लॅशशेजारच्या बारीक खिडक्या झाकू नका, कारण तिथूनच कॅमेरा प्रकाश मोजतो.

त्या खिडक्या म्हणजे तुमच्या हातातला खरा लगाम. मिनी ११ मध्ये फोटो उजळ-गडद करायचं बटण नाही. पण प्रकाश मोजतात त्या खिडक्या वेगळ्या आणि चित्र घेतं ते भिंग वेगळं, हे एकदा लक्षात आलं की दोन्ही बाजूंनी खेळता येतं. जुन्या गॉगलची काच फक्त भिंगासमोर धरली तर कॅमेऱ्याला त्याचा पत्ताच नसतो. तो नेहमीएवढाच वेळ देतो आणि चित्र गडद होतं. भर उन्हातला पांढरेपणा मी असाच घालवला. उलट खिडकीवर अर्धपारदर्शक चिकटपट्टीचे दोन थर दिले तर त्याला वाटतं अंधार आहे, तो जास्त वेळ देतो आणि चित्र उजळतं. कोणता थर किती फरक करतो हे मी सांगून उपयोग नाही, तुमच्या चिकटपट्टीवर अवलंबून आहे. एकाच जागी, एकाच सावलीत, पाठोपाठ तीन फोटो काढा आणि प्रत्येकात एकच गोष्ट बदला. दीडशे रुपये जातील, पण पुढचं वर्षभर वाचतील.

आपल्याकडची दमट हवा आणि उकाडा यांची वेगळी काळजी घ्यावी लागते. इन्स्टॅक्स ५ ते ४० अंश सेल्सियसमध्ये नीट चालते, पण उन्हात उभ्या गाडीत ठेवलेला कॅमेरा चाळीसच्या पार सहज जातो. न उघडलेले पॅक मी फ्रिजच्या दारात ठेवते, फ्रीझरमध्ये मात्र कधीही नाही. बाहेर काढल्यावर निदान एक तास तसंच बंद राहू द्यायचं. ठाण्याच्या हवेत गार पाकीट लगेच फोडलं की त्यावर दव धरतं. पावसाळ्यात औषधांच्या डब्यांतून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या कॅमेऱ्याच्या पिशवीत टाकते. फोटोवर ठरावीक अंतराने तोच डाग येत असेल तर फिल्म वाईट नाही, फोटो बाहेर ढकलणारे रोलर खराब झालेत. पॅक संपल्यावर ओलसर फडक्याने पुसून पूर्ण कोरडे करा. आणि फोटो झटकू नका. रसायनाची पुडी आत रोलरखाली फुटून थरांमध्ये पसरते, ते सगळं सीलबंद असतं. झटकून ते लवकर उमटत नाही, उलट थर सुटण्याचा धोका असतो.

काय करू नये तेही सांगते. फ्लेमिंगो. हिवाळ्यात ऐरोली, नेरूळकडे खाडीत ते आले की प्रत्येकाला मोह होतो, मलाही झाला होता. या भिंगाची नजर रुंद आहे, त्यात पक्षी म्हणजे गुलाबी ठिपकाही दिसत नाही. त्यापेक्षा दुर्बिणीला डोळा लावून उभ्या असलेल्या आजोबांचा फोटो घ्या.

आता मला सगळ्यात जवळचा असलेला प्रयोग. डेव्हिड हॉकनी या चित्रकाराने १९८२ मध्ये एकाच दृश्याचे वेगवेगळ्या जागांवरून पोलरॉइड, म्हणजे दुसऱ्या कंपनीचे असेच इन्स्टंट फोटो, काढून ते ओळीने जाळीसारखे मांडायला सुरुवात केली. पांढऱ्या कडा त्याने कापल्या नाहीत. त्यामुळे चित्र तुकड्यांत दिसतं आणि डोळा एकेका चौकटीतून फिरतो, जसा आपण खोलीत उभं राहून खरोखर फिरवतो तसा. कुणी खेळणं म्हटलं की मला त्या जाळ्या आठवतात.

आमची इमारत पुनर्विकासाला जायचं ठरलं तेव्हा मी जिन्याचं असं चित्र करायला घेतलं. आधी वहीत बारा चौकोन आखले, तीन आडवे, चार उभे. कुठल्या चौकोनात काय, ते ठरवायलाच दोन संध्याकाळी गेल्या. वीजमीटरचा लाकडी फळा, हात लागून गुळगुळीत झालेला कठडा, दुधाच्या पिशव्या अडकवायचा खिळा, नावांच्या पाट्या, वळणावरच्या जाळीतून येणारं ऊन. त्या जिन्यावरून मी तीस वर्षं चढले-उतरले, पण मीटरच्या फळ्यावर कुणीतरी खडूने गणपतीच्या वर्गणीचा हिशोब लिहून ठेवलाय हे मला त्या दोन संध्याकाळीच दिसलं.

अडचण आली भिंतींची. अर्ध्या उंचीपर्यंत तेलरंग, त्यावरून फ्लॅश परतून यायचा आणि मधोमध पांढरा गोळा. पहिले दोन फोटो त्यात गेले. मग फ्लॅशवर टिश्यू पेपरची दुहेरी घडी लावली आणि भिंतीसमोर सरळ उभी न राहता तिरकी राहिले, गोळा गेला. दुसरी अडचण अशी की व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावायची खिडकी, भिंगाच्या बाजूला असतो, म्हणून हातभर अंतरावरून काढलेला खिळा मधोमध दिसला तरी फोटोत कडेला सरकतो. किती सरकतो ते त्याच पातळीवर एका वर्तमानपत्रावर खूण करून मोजलं आणि मग तेवढं उलट बाजूला धरलं. बारा फोटोंना सतरा कागद लागले, पूर्ण दोन महिने. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी पाटीच्या फोटोत यायला तयार नव्हत्या. ‘पाटी यांची, माझं काय त्यात,’ म्हणाल्या. मग कठड्यावर फक्त त्यांचा हात ठेवला. तो फोटो जाळीत डावीकडून दुसरा, खालून तिसरा आहे. आता आम्ही भाड्याच्या घरात आहोत, इमारत पडली आहे. आजी आल्या की भिंतीवरच्या त्या चौकोनापाशी जाऊन उभ्या राहतात.

पोलरॉइडबद्दलही लिहिते, कारण कधीतरी तुमच्या हाती जुना कॅमेरा येईल. मामाने आखातातून आणलेला एक ६०० प्रकारचा कॅमेरा आमच्या माळ्यावर होता. या कॅमेऱ्यांची बॅटरी फिल्मच्या पॅकमध्येच असते, त्यामुळे नवा पॅक घालताच तो जागा झाला. २००८ मध्ये पोलरॉइड कंपनीने इन्स्टंट फिल्म बंद करायचं जाहीर केलं होतं. नेदरलँड्समधल्या एन्स्खेडे इथल्या कारखान्याची यंत्रं काही लोकांनी वाचवली, पूर्वीची कितीतरी रसायनं मिळेनाशी झाल्यामुळे फिल्म जवळजवळ नव्याने शोधली आणि २०१० पासून ती पुन्हा मिळू लागली. पॅकमध्ये आठच फोटो, आणि प्रत्येकी मला दोनशेच्या वर पडतो, म्हणून वर्षाला एक पॅक. ही फिल्म १३ ते २८ अंशांमध्ये खुलते. आपल्या एप्रिल-मेमध्ये रंग पिवळसर-तांबूस होतात, म्हणून मी ती डिसेंबर-जानेवारीसाठी राखते. बाहेर येताच उजेडापासून झाकायची आणि रंगीत असेल तर दहा-पंधरा मिनिटं पालथी ठेवायची.

तिचा एक प्रयोग मात्र इन्स्टॅक्सवर सहजी जमत नाही. काही दिवसांच्या आतला फोटो घ्यायचा, पांढरी चौकट कापायची, कोमट-गरम पाण्यात सोडायचा. थर सुटतात आणि चित्राचा पापुद्रा पाण्यात तरंगायला लागतो, अगदी दुधावरच्या सायीसारखा. मऊ ब्रशने तो जाड चित्रकलेच्या कागदावर घ्यायचा. चुण्या पडतात, कडा फाटतात, त्या तशाच ठेवायच्या. आतलं रसायन आम्लारीधर्मी असतं, त्वचा भाजू शकते, म्हणून हातमोजे घाला आणि स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. उपवन तलावावरच्या सकाळच्या धुक्याचा फोटो मी असा कागदावर घेतला. पाण्याच्या जागी खऱ्या पाण्याच्या सुरकुत्या आल्या.

दुहेरी छायाचित्राचं, म्हणजे एकाच कागदावर दोन चित्रं एकावर एक घेण्याचं, विचारलंत, ते मिनी ११ वर सोय म्हणून नाही. मिनी ९० मध्ये आहे, शिवाय दहा सेकंदांपर्यंत शटर उघडं ठेवता येतं आणि फ्लॅश बंद होतो. पण आत्ताच दुसरा कॅमेरा घेऊ नका. काचेतल्या प्रतिबिंबाने तेच साधतं: दुकानाच्या काचेत स्वतःची सावली पाडा, सावलीच्या काळ्या भागातच आतल्या वस्तू दिसतील. दुहेरी छायाचित्रातही दुसरं चित्र पहिल्याच्या काळोखातच उमटतं. काचेवर हे तत्त्व फुकटात शिकता येतं. फक्त काचेसमोर तिरकं उभं राहा, नाहीतर फ्लॅश परत येईल.

तुमचे ते वीस फोटो फेकले नसतील अशी आशा आहे. मागच्या काळ्या बाजूवर पांढरा मार्कर चालतो. पांढऱ्या पट्टीवर बारीक टोकाचं पर्मनंट पेन घ्या, जेल पेन पुसलं जातं. आठवेल तेवढं लिहून काढा: किती वाजता, ऊन कुठल्या बाजूला, माणूस किती पावलांवर. मग पांढरे एका ओळीत आणि काळे दुसऱ्या ओळीत मांडून बघा.