मुलगी नववीत जातेय आणि कोच तिला थेट व्हर्सिटी टीममध्ये घ्यायचं म्हणतात. होकार द्यावा का?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी पुण्याहून अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आलात, मुलगी या सप्टेंबरात नववीत जाईल. उन्हाळाभर ती शाळेच्या क्रॉस कंट्रीच्या, म्हणजे गवत-चढउतारांवरून लांब पळण्याच्या शर्यतीच्या, मुलींबरोबर पळायला जात होती आणि आता कोचचा ईमेल आलाय की तिला व्हर्सिटीत घ्यायचा विचार आहे. ती चौदाची, बाकीच्या सोळा-सतराच्या. घरात तुम्हाला धास्ती वाटतेय आणि यजमानांना अभिमान.

हो म्हणा. आमची मुलगीही नववीतच व्हर्सिटीत पळाली, इथेच सेंट्रल जर्सीत. आता ती कॉलेजात आहे. त्या चार वर्षांत काही गोष्टी आम्हाला उशिरा कळल्या, त्या तुम्हाला आधी कळाव्यात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भारतातून आल्यावर इथली रचना पटकन लक्षात येत नाही. व्हर्सिटी म्हणजे शाळेची पहिली टीम. शब्द युनिव्हर्सिटीवरूनच आलाय. तिच्याखाली जेव्ही, म्हणजे ज्युनियर व्हर्सिटी, आणि मोठ्या शाळांत अमेरिकन फुटबॉल-बास्केटबॉलला त्याखाली आणखी एक फ्रेशमन, म्हणजे नववीतल्यांची, टीम असते. आपल्याकडे शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील अशा गटांत होतात. इथे हायस्कूलमध्ये तसे वयोगट नाहीत. नववीपासून बारावीपर्यंतची सगळी मुलं एकाच टीमसाठी उभी राहतात. न्यूयॉर्क, मिनेसोटासारख्या राज्यांत तर सातवी-आठवीतली मुलंही व्हर्सिटीत दिसतात. तेव्हा तुमच्या मुलीच्या बाबतीत काही जगावेगळं घडतंय असं नाही.

मी कोल्हापूरचा. लहानपणी मामा मला तालमीत न्यायचे. तिथे सरावाला लहान-मोठे सगळे एकाच हौद्यात. बारा वर्षांचं पोर वीस वर्षांच्या पठ्ठ्याच्या अंगावर जाऊन डाव शिकायचं आणि वस्ताद शेजारी उभे राहून बघायचे. पण जत्रेच्या मैदानात कुस्ती लावताना मात्र जोड बघितली जायची. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर, त्यांच्या त्यांच्यात. सराव मोठ्यांबरोबर आणि जोड बरोबरीची, हा तालमीचा नियम मला इथल्या मैदानाच्या कडेला उभं राहून पुन्हा पुन्हा आठवला. नववीतलं मूल व्हर्सिटीत जावं का, याचं उत्तर खेळ कोणता यावर आहे, कारण प्रत्येक खेळात जोड वेगळी लागते.

इथल्या अंगावर धडकण्याच्या फुटबॉलमध्ये 14 वर्षांच्या मुलाची जोड 18 वर्षांच्या, त्याच्यापेक्षा तीस-चाळीस किलोंनी जड मुलाशी लागू शकते. तिथे मी माझ्या मुलाला पाठवलं नसतं, कितीही चपळ असला तरी. कुस्तीत वजनगट आहेत, त्यामुळे गंमत उलटी होते. सर्वात हलका गट 106 पौंडांच्या म्हणजे 48 किलोंच्या आसपासचा. बारावीतला इतका हलका मुलगा शाळेत सहसा सापडत नाही, म्हणून ती जागा बऱ्याचदा नववीतल्या पोराला मिळते. पोहण्यात आणि पळण्यात तर अंगाला अंग लागत नाही, जोड घड्याळाशी. अमेरिकेची जलतरणपटू केटी लेडेकी हिने 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 800 मीटरचं सुवर्ण जिंकलं तेव्हा ती 15 वर्षांची होती आणि तिची नववी नुकतीच संपली होती. तुमची मुलगी क्रॉस कंट्रीत आहे, म्हणून मी बिनदिक्कत हो म्हणतोय. मोठ्या मुलींच्या धक्क्याने तिला काही होणार नाही. तिला त्रास झालाच तर तो सरावातून होईल, आणि त्याकडेच आमचं लक्ष नव्हतं.

त्याआधी त्या जागेबद्दल. क्रॉस कंट्रीच्या शर्यतीत एका शाळेच्या सात मुली व्हर्सिटीत पळतात आणि पहिल्या पाचजणींचे क्रमांक धरून बेरीज होते. ज्यांची बेरीज कमी ते जिंकले. पहिले पाचही क्रमांक एकाच शाळेचे आले तर 15, याहून चांगला निकाल नाही. सहावी-सातवी मोजल्या जात नाहीत, पण त्या दुसऱ्या शाळेच्या पाचवीच्या पुढे आल्या तर तिचा क्रमांक मागे ढकलतात. म्हणजे जागा सात, आणि त्या त्या वर्षी शाळेत कोण आहे त्यावर भरतात. आमच्या मुलीच्या आदल्या जूनमध्ये टीममधल्या तीन सीनियर, म्हणजे बारावीतल्या, मुली पास होऊन गेल्या होत्या. त्या गेल्या नसत्या तर तीच मुलगी, त्याच वेळेत पळून, जेव्हीत असती. हे मी तिला पहिल्याच वर्षी समजावून सांगायला हवं होतं. मी उलट गावाकडे सगळ्यांना फोन करून सांगत सुटलो, आणि दुसऱ्या वर्षी जागा गेली तेव्हा तिला वाटलं की आपण घराचं नाव खाली केलं.

बास्केटबॉलचा लेब्रॉन जेम्स ओहायोतल्या अ‍ॅक्रनच्या शाळेत नववीतच व्हर्सिटीत खेळला आणि त्या हंगामात, 1999-2000 मध्ये, त्यांची टीम 27 सामने खेळून एकही न हरता राज्यविजेती झाली. बास्केटबॉलचाच मायकेल जॉर्डन मात्र 1978 मध्ये विल्मिंग्टनच्या शाळेत दहावीत असूनही जेव्हीत राहिला. टीमला उंची हवी होती म्हणून त्याच्याच वर्गातला उंच मुलगा वर घेतला गेला. दोन्ही वेळा कोचने टीमची त्या वर्षीची गरज पाहिली. तुमच्या यजमानांना हे जरूर वाचून दाखवा.

आता शरीराचं. मुलींच्या क्रॉस कंट्रीत नववीतल्या मुली व्हर्सिटीत बऱ्याच दिसतात, मुलांच्यात कमी. कारण सरळ आहे. मुलगे नववी ते बारावी दरवर्षी उंच, ताकदवान आणि वेगवान होत जातात, त्यामुळे चौदाच्या मुलाला अठराच्या मुलाला गाठणं अवघड. मुलींचं तसं नाही. चौदाची मुलगी सडपातळ, हलकी असते आणि भन्नाट पळते. पंधरा-सोळाला शरीर भरतं, वजन वाढतं, कंबर रुंदावते. हे सगळं व्हायलाच हवं असतं, पण त्या वर्षी-दोन वर्षांत अनेक मुलींची वेळ तिथेच अडते किंवा मागे जाते. पुढे शरीर स्थिरावलं की बऱ्याचजणींचा वेग परत येतो. ज्यांनी त्या काळात जेवण तोडून वजन रोखायचा प्रयत्न केला, त्यांची हाडं मोडायचा धोका वाढतो.

आमच्या मुलीने नववीत होल्मडेल पार्कला, इथल्या क्रॉस कंट्रीच्या वाटेवर, 5 किलोमीटर 20 मिनिटं 41 सेकंदांत पूर्ण केले. दहावीत त्याच वाटेवर 22:10. मधल्या काळात काय झालं ते सांगतो. कोचने व्हर्सिटीच्या सगळ्या मुलींना एकच वेळापत्रक दिलं होतं, सीनियर मुलींना आठवड्याला 40 मैल, तर हिलाही 40. त्याआधी ती जेमतेम 20 पळायची. आम्ही विचारलं नाही. कोच म्हणजे गुरू, त्यांना कसं विचारायचं, हा आमच्यातला संकोच. फेब्रुवारीत नडगी दुखायला लागली. ती बोलली नाही, कारण हिवाळ्यातल्या इनडोअर ट्रॅकच्या शर्यतींमधली जागा जाईल ही भीती. एक्स-रेत काहीच दिसलं नाही, एमआरआयमध्ये हाडाला बारीक चीर निघाली. सहा आठवडे पायाला आधार देणारा डॉक्टरी बूट घालून फिरली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ठीक आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला गेलेला. आम्ही शाकाहारी, ती रोज सहा मैल पळणारी, पाळी सुरू झालेली, आणि डब्यात मात्र तेच एक सँडविच आणि सफरचंद. पाळी तीन महिने आली नव्हती हे तिने आईलाही सांगितलं नव्हतं. टीममधल्या मोठ्या मुलींनी तिला सांगितलं होतं की पळणाऱ्यांचं असंच असतं.

असं नसतं. पळणाऱ्या मुलीची पाळी थांबणं ही बऱ्याचदा शरीर उपाशी असल्याची खूण असते आणि मग हाडं कमकुवत होतात. डॉक्टर याला रेड-एस म्हणतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये हे नाव रूढ केलं. मी बाप आहे, हे विषय आमच्या घरात उघड बोलले जात नसत. आता मी प्रत्येक नव्या पालकाला मैदानावर गाठून हेच आधी सांगतो. सीझनच्या आधी शाळेला जी शारीरिक तपासणी लागते, त्याच वेळी डॉक्टरांना फेरिटिन आणि ड जीवनसत्त्व बघायला सांगा. लोहाच्या गोळ्या मनाने देऊ नका. पण हळिवाचे लाडू, मेथी, डाळी, वर लिंबू पिळून, हे आपल्याच घरातलं आहे, आणि जेवणाबरोबर चहा नको. आमच्याकडे सरावानंतर गाडीतच खायला डबा असायचा, पराठा आणि दही. घरी पोचेपर्यंत थांबायचं नाही.

म्हणून कोचना भेटा, ईमेलवर भागवू नका. माझ्या संकोचाची किंमत मुलीने मोजली. विचारा की नववीतल्या मुलीला आठवड्याला किती मैल देणार, आणि ते सीनियर मुलींपेक्षा कमी आहेत का. विश्रांतीचा दिवस कोणता? दुखलं तर तिने कुणाला सांगायचं, आणि सांगितल्यावर जागा जाते का? कोच तिच्या बारावीबद्दल बोलायला लागले तर निर्धास्त व्हा. या नोव्हेंबरच्या स्टेट मीटपलीकडे, म्हणजे राज्याच्या शर्यतीपलीकडे, बोलतच नसतील तर होकार द्या, पण मैल तुम्ही स्वतः वहीत लिहून ठेवा. आमचे नंतरचे कोच नववीतल्या मुलींना मोठ्या मुलींबरोबर वॉर्मअप आणि डोंगर चढायला पाठवायचे आणि अर्ध्यातून परत बोलवायचे. मला वस्तादच आठवले.

मोठ्या मुलींच्या संगतीची धास्ती तुम्हाला वाटतेय. आम्हालाही होती, पण ती बहुतेक फोल ठरली. मीटच्या आदल्या रात्री कुणाच्या तरी घरी पास्ता डिनर असतं. एका सीनियर मुलीने आमच्या मुलीसाठी न विचारता बिनअंड्याचा केक केला होता. लॉकर कुठे, कोणत्या सरांचा गृहपाठ किती वेळ खातो, हे सगळं तिला त्यांच्याकडून कळलं. गाडीचं मात्र पक्कं ठरवा. न्यू जर्सीत 17 व्या वर्षी प्रोबेशनरी, म्हणजे अटींचं, लायसन्स मिळतं आणि त्यावर आई-वडील किंवा पालक सोबत नसतील तर एकच प्रवासी बसवता येतो. चारजणी कोंबून घरी सोडते म्हणणाऱ्या मैत्रिणीला नाही म्हणायला मुलीला जमणार नाही, तुम्हीच आधी सांगून ठेवा. आम्ही सांगितलं होतं, की कधीही फोन कर, मी कामावरून येईन.

कॉलेजच्या स्कॉलरशिपचा हिशेब कुणी तुमच्यासमोर मांडला तर फार मनावर घेऊ नका. हायस्कूलमध्ये खेळणाऱ्यांपैकी शंभरात सात-आठजणच कॉलेजच्या टीममध्ये खेळतात, आणि डिव्हिजन वनचे, म्हणजे कॉलेज-खेळांतल्या सर्वात वरच्या गटाचे, कोच बहुतेक खेळांत दहावी संपते त्या वर्षीच्या 15 जूनच्या आधी मुलांशी संपर्कच करू शकत नाहीत. नववीतल्या वेळेवर कुणी काही ठरवत नाही.

आणि गणपती. तुम्ही शेवटी विचारलंय की मंडळाच्या कार्यक्रमातला नाच, शनिवारची मराठी शाळा आणि शनिवारच्या मीट कशा जमवायच्या. सगळं जमत नाही. आमच्या मुलीने नववीत नाच सोडला आणि आरतीला धावण्याच्या कपड्यांत, केस ओले, अशी आली. आजीला ते खटकलं, मला नाही. मराठी शाळा आम्ही सोडली नाही, हिवाळ्यात भरून काढली. तुमची मुलगी काय सोडायला तयार आहे ते तिलाच विचारा, आणि ती जे म्हणेल ते या वर्षापुरतं धरा.

आमच्या मुलीची पुढची हकीकत: अकरावी पूर्ण जेव्हीत. बारावीत परत व्हर्सिटीत, सातवी. होल्मडेलला 20:58. नववीचे ते 20:41 तिला तिथे पुन्हा कधीच मिळाले नाहीत. तिच्या पुढे त्या वर्षी नववीतली एक मुलगी होती, आणि शर्यत संपल्यावर दोघी गवतावर आडव्या पडून एकाच बाटलीतून पाणी पीत होत्या. रोज सराव संपला की आमची मुलगी त्या मुलीला विचारायची, नडगी दुखते का, खरं सांग.

तुम्ही पहिल्यांदा होल्मडेलला याल तेव्हा सुरुवातीच्या रेषेपाशी थांबू नका. तिथून चढ लागतो आणि मुली दिसेनाशा होतात. ‘बाउल’ म्हणतात तो वाडग्यासारखा खोलगट भाग आहे, तिथे मुली खाली उतरतात आणि धापा टाकत वर येतात. त्याच्या वरच्या कडेला उभे राहा. नाव घेऊन मराठीत ओरडा, शंभर आवाजांत तिला तुमचाच ऐकू येईल. ऑक्टोबरातही पहाटेचं गवत ओलं असतं, जुने बूट घाला.