परत आली तर? : व्रतस्थ जीवनाच्या उमेदवारीविषयी वाचकांचे प्रश्न

व्रतस्थ जीवनाच्या, म्हणजे कॅथलिक धर्मसंघात व्रते घेऊन जगण्याच्या, पाचारणावरील लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. मी स्वतः एका धर्मभगिनी संघात बरीच वर्षे नोव्हिस मिस्ट्रेस होते, म्हणजे नव्याने आलेल्या मुलींची घडण माझ्याकडे होती. त्यामुळे नियमांबरोबर माझी मतेही या उत्तरांत उतरली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी झाली. दहावीपासून ती सिस्टरांच्या शिबिरांना जाते आणि आता त्यांच्याकडेच जायचे म्हणते. येत्या सप्टेंबरात तिला अठरा वर्षे पूर्ण होतील. माझा विरोध नाही, पण यात किती वर्षे जातात, ती पक्की सिस्टर कधी होते आणि मधेच परत यावेसे वाटले तर काय, हे कोणी नीट सांगत नाही. परत आलेल्या मुलीविषयी आमच्या आळीत लोक काय बोलतात ते मी ऐकले आहे. (एक आई, वसई)

आपला शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण माझ्या अनुभवात मुलींना संघात अडकवून ठेवते ती बहुतेक वेळा हीच भीती. नोव्हिस, म्हणजे अजून व्रते न घेतलेली उमेदवार, कोणत्याही दिवशी संघ सोडून घरी येऊ शकते. १९८३ सालच्या कॅनन कायद्याने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायदेसंहितेने, तिला हे स्वातंत्र्य स्पष्ट शब्दांत दिले आहे आणि त्यासाठी कोणाच्याही परवानगीची अट घातलेली नाही. तोच कायदा संघालाही तिला परत पाठवण्याची मोकळीक देतो. दोन्ही बाजूंना नाही म्हणता यावे म्हणूनच नोव्हिशिएटची, म्हणजे व्रतांपूर्वीच्या या घडणीच्या काळाची, योजना आहे. त्यामुळे सहा महिन्यांनी परत आलेल्या मुलीचे काही बिघडले असे मानणे म्हणजे स्थळ पाहून लग्न न ठरलेल्या मुलीला टाकलेली म्हणण्यासारखे आहे.

आता वर्षांचा हिशेब. सुरुवातीला मुलगी उमेदवार म्हणून राहते आणि मग पोस्ट्युलंट, म्हणजे नोव्हिशिएटची तयारी करणारी, होते. या दोन पायऱ्या किती काळाच्या असाव्यात हे सार्वत्रिक कायद्याने ठरवलेले नाही. पुरेशी तयारी झाल्याशिवाय कोणाला घेऊ नये इतकेच तो सांगतो आणि बाकी प्रत्येक संघाच्या घटनेवर सोडतो. नोव्हिशिएटपासून मात्र मोजमाप काटेकोर आहे. १७ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय कोणालाही नोव्हिशिएटमध्ये घेता येत नाही आणि घेतले तर तो प्रवेशच अवैध ठरतो. १९१७ सालच्या जुन्या संहितेत ही मर्यादा १५ वर्षांची होती, हे आपल्या आज्यांच्या पिढीतील सिस्टरांच्या आठवणी ऐकताना लक्षात ठेवावे. नोव्हिशिएट किमान १२ महिन्यांचे असते आणि ते नोव्हिशिएटच्या समूहातच पूर्ण करावे लागते. अनेक संघ दोन वर्षे ठेवतात, पण दोन वर्षांहून अधिक ठेवता येत नाही. शेवटी वरिष्ठांच्या मनात शंका उरली तर जास्तीत जास्त सहा महिने वाढवून मिळतात.

एक बारीक गोष्ट इथेच सांगते, कारण तिच्यावरून घरोघरी रुसवे-फुगवे होतात. नोव्हिशिएटच्या घराबाहेर सलग किंवा तुकड्यातुकड्यांनी मिळून तीन महिन्यांहून अधिक काळ गेला तर ते नोव्हिशिएट अवैध होते आणि १५ दिवसांहून अधिक गैरहजेरी असेल तर ती भरून काढावी लागते. म्हणून भावाच्या लग्नाला पंधरवडाभर पाठवा, असे घरचे म्हणतात तेव्हा सिस्टर आढेवेढे घेतात. त्यामागे दुष्टावा नसतो, दिवसांची मोजणी असते. ही मोजणी पहिल्याच भेटीत पालकांना समजावून सांगितली पाहिजे, ते मात्र फारसे कोणी करत नाही.

यानंतर पहिली व्रते येतात : दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. त्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. ही व्रते ठरावीक मुदतीची असतात. मुदत तीन वर्षांहून कमी आणि सहा वर्षांहून अधिक नसते, मात्र गरज पडल्यास ती एकूण नऊ वर्षांपर्यंत वाढवता येते. मुदत संपल्यावर ती पुन्हा व्रते घेण्यास बांधील नसते आणि तिने संघ सोडला तरी वचन मोडले असे कोणी म्हणू शकत नाही. आजन्म व्रते त्यानंतर येतात. त्यासाठी वय किमान २१ असावे लागते. आपल्या शब्दांत विचाराल तर ती पक्की होते ती इथे. अठराव्या वर्षी गेलेली मुलगी बहुतेक संघांत पंचविशी ओलांडल्यावरच या टप्प्याला पोहोचते. मदर तेरेसा १९२८ साली घर सोडून लोरेटो सिस्टरांकडे गेल्या, दार्जिलिंगला त्यांचे नोव्हिशिएट झाले, १९३१ साली त्यांनी पहिली व्रते घेतली आणि १९३७ साली अखेरची. अखेरची व्रते झालेली असल्यामुळेच १९४८ साली लोरेटोच्या मठाबाहेर राहून काम सुरू करण्यासाठी त्यांना रोमच्या परवानगीची वाट पाहावी लागली. सुटण्याची वाट पहिल्या टप्प्यात रुंद असते आणि पुढे ती मुद्दामच अरुंद होत जाते.

आळीतल्या लोकांसाठी आपल्या वसईचेच उदाहरण पुरेसे आहे. संत गोन्सालो गार्सिया जपानमध्ये येशूसंघीयांबरोबर (जेझुइटांबरोबर) धर्मशिक्षक म्हणून काम करत होते, पण त्या संघात त्यांना प्रवेश मिळाला नाही. मग त्यांनी व्यापार केला, मनिलाला गेले आणि तिथे फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांना क्रुसावर रक्तसाक्षीचे मरण आले आणि १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. दरवर्षी त्यांचा सण थाटाने साजरा करणाऱ्या आळीला नकार मिळालेल्या माणसाविषयी इतके तोंडसुख घ्यायचा अधिकार आहे का, हे आपणच त्यांना एकदा विचारावे.

प्रश्न : मुलीच्या नावावर तिच्या आजीने थोडी जमीन ठेवली आहे. शिवाय तिच्या पदवीसाठी घेतलेले शैक्षणिक कर्ज फिटायचे आहे. सिस्टर झाल्यावर जमीन संघाकडे जाते का? (एक वडील, पालघर जिल्हा)

कर्जाचे आधी पाहा. फेडता न येणारे कर्ज अंगावर असलेल्या व्यक्तीला संघात घेऊ नये, असा कायद्याचा आदेश आहे. म्हणजे हप्ते कोण आणि कसे भरणार याची व्यवस्था आधी व्हायला हवी. ‘देव बघून घेईल’ हे बँकेला चालत नाही आणि कॅनन कायद्यालाही चालत नाही.

जमिनीबाबत गैरसमज फार आहेत. पहिल्या व्रतांपूर्वी उमेदवाराने आपल्या मालमत्तेचा कारभार आपल्याला हव्या त्या व्यक्तीकडे सोपवायचा असतो आणि तिच्या उत्पन्नाचे काय करायचे तेही स्वतः ठरवायचे असते. ती व्यक्ती आपण वडील म्हणून स्वतःही असू शकता. मालकी मात्र त्यामुळे आपोआप संघाकडे जात नाही. आजन्म व्रतांपूर्वी तिने नागरी कायद्यात टिकेल असे मृत्युपत्र करायचे असते. आपल्याकडे ख्रिस्ती व्यक्तीच्या मृत्युपत्राला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो आणि त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. साधा कागद मठाच्या कपाटात ठेवून भागत नाही. व्रते घेतल्यानंतर तिने कामातून मिळवलेला पगार मात्र संघाचा होतो आणि निवृत्तिवेतनही, संघाच्या घटनेत वेगळे काही नसेल तर, संघाकडेच जाते. काही संघांच्या घटनेत मालमत्तेचा पूर्ण त्याग करण्याची तरतूद असते. म्हणून त्या संघाची घटना मागून घ्या आणि हा भाग स्वतः वाचा. पालकांनी घटना मागितली म्हणून कोणी कपाळाला आठी घातली, तर त्या आठीचीही नोंद घ्यावी.

जाता जाता एक आठवण. १९१७ च्या संहितेनुसार बंदिस्त मठात प्रवेश करणाऱ्या मुलीने हुंडा आणायचा असे. १९८३ च्या संहितेतून तो विषयच गेला. आज एखाद्या संघाने मुलीच्या घरी पैशाची मागणी केली, तर तिला सार्वत्रिक कायद्याचा आधार नाही.

प्रश्न : मी अभियांत्रिकीची पदवी घेतली असून येशूसंघात जाण्याचा विचार करतो आहे. प्रवेशापूर्वी मानसशास्त्रीय चाचणी होते असे ऐकले. ती सक्तीची असते का, आणि मी पापनिवेदनात (कन्फेशनमध्ये) किंवा मार्गदर्शकाला सांगितलेले वरिष्ठांपर्यंत जाते का? (एक तरुण, पुणे)

उमेदवाराचे आरोग्य, स्वभाव आणि परिपक्वता पारखण्याची जबाबदारी कायद्याने वरिष्ठांवर टाकली आहे आणि गरज भासल्यास त्यांनी तज्ज्ञांची मदत घ्यावी असे म्हटले आहे. त्याच कलमात व्यक्तीच्या खाजगीपणाच्या हक्काची आठवण करून दिलेली आहे. म्हणून चाचणी आपल्या माहितीने आणि संमतीने झाली पाहिजे. अहवाल कोण वाचणार आणि तो किती दिवस ठेवणार, हे आपण आधी विचारू शकता. चाचणीला मी घाबरू नका म्हणेन. माझ्याकडे आलेल्या मुलींपैकी काहींना त्या चाचणीमुळे आपल्या मनातल्या जुन्या दुखण्यावर पहिल्यांदा उपचार मिळाले.

पापनिवेदनाची गुप्तता अबाधित असते, तिला अपवाद नाही. उमेदवाराने आपण होऊन विनंती केल्याशिवाय नोव्हिस मास्टरने त्याचे पापनिवेदन ऐकूही नये, असा नियम आहे, कारण ज्याच्या हातात आपला निर्णय आहे त्याच्याच कानावर आपली पापे घालण्याचा संकोच पडू नये. वरिष्ठांनी कोणालाही मन उघडे करण्यास भाग पाडू नये, असेही कायदा सांगतो. येशूसंघात मात्र संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या काळापासून सदस्याने वरिष्ठांपुढे आपल्या अंतःकरणाची स्थिती मांडण्याची खास परंपरा आहे आणि तीही गुप्ततेच्या बंधनात असते. ही परंपरा पटते का, याचा विचार आत जाण्यापूर्वी करावा.

आपण येशूसंघाचे नाव घेतले म्हणून आणखी एक. तिथे नोव्हिशिएट दोन वर्षांचे असते. त्यात ३० दिवसांची मौनातली आध्यात्मिक साधना होते. रुग्णालयात सेवा, पायी यात्रा, हलकी समजली जाणारी कामे अशा कसोट्या असतात. इतर बहुतेक संघांप्रमाणे मुदतीची व्रते न घेता, या दोन वर्षांनंतर तिथे थेट आजन्म व्रते घेतली जातात. पुढे तत्त्वज्ञान, प्रत्यक्ष कामाची वर्षे, ईशज्ञान (धर्मशास्त्राचा अभ्यास) आणि गुरुदीक्षा (धर्मगुरूपदाची दीक्षा) असा लांबलचक प्रवास असतो आणि संघ त्या सदस्याला अखेरच्या व्रतांसाठी बोलावतो तो त्याहून पुढे. अभियांत्रिकीची चार वर्षे आपण काढली आहेत, त्यामुळे लांबीची भीती नसावी. पण पहिल्या व्रतांचे वजन इथे वेगळे आहे, हे ध्यानात घ्यावे.

प्रश्न : नोव्हिशिएटमध्ये मोबाईल काढून घेतात आणि शिक्षणही थांबवतात. आजच्या काळात हे योग्य आहे का? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

शिक्षणाबद्दल कायदा स्पष्ट आहे. नोव्हिशिएटच्या काळात घडणीशी थेट संबंध नसलेला अभ्यास किंवा काम देऊ नये. यामुळे उमेदवाराला शाळेत किंवा दवाखान्यात फुकट राबवून घेण्यालाही आळा बसतो, आणि माझ्या मते त्या नियमाचा मोठा उपयोग तोच आहे. मोबाईलविषयी कायद्यात अक्षरही नाही, तो संघाचा घरगुती नियम असतो. एक वर्ष कमी आवाजात राहण्याचा फायदा मी पाहिला आहे. मात्र महिन्यातून एकदाही घरी बोलू देत नसतील आणि त्याचे कारणही सांगत नसतील, तर तिथे जाऊ नका.

प्रश्न : मी पहिली व्रते घेतल्यानंतर पाच वर्षे संघाच्या शाळेत शिकवले. मुदत संपल्यावर बाहेर पडले. माझ्याकडे पैसा नाही, अनुभवाचा दाखला नाही. मला काही मागता येते का? (एक माजी सिस्टर)

आपले पत्र मी दोनदा वाचले. कायद्याप्रमाणे संघ सोडणाऱ्या व्यक्तीला तिथे केलेल्या कामाचा मोबदला हक्काने मागता येत नाही. पण त्याच कलमात पुढे म्हटले आहे की संघाने तिच्याशी न्यायाने आणि शुभवर्तमानी प्रेमाने वागावे. अनेक संघ पहिले वाक्य पाठ करतात आणि दुसरे विसरतात. तेव्हा प्रोव्हिन्शियलना (संघाच्या प्रांतप्रमुखांना) लेखी पत्र पाठवा, त्यात या तरतुदीचा उल्लेख करा आणि नवे जीवन उभे करण्यासाठी किती रकमेची गरज आहे ते आकड्यात लिहा. उत्तर आले नाही तर संघाच्या सर्वोच्च प्रमुखांना आणि संघ धर्मप्रांताच्या अधिकारातला असेल तर महागुरूंना (बिशपना) लिहा.

अनुभवाच्या दाखल्यासाठी याचना करण्याची गरज नाही. शाळेच्या हजेरीपटावर आणि वेतनपत्रकांवर आपले नाव असेल, तर मुख्याध्यापकांकडे त्या नोंदींच्या आधारे सेवेच्या दाखल्याचा अर्ज द्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. पगार परस्पर संघाकडे जात होता म्हणून आपण तिथे शिकवले नाही असे होत नाही. आपल्या नावाने भविष्यनिर्वाह निधीचे खाते उघडले होते का, हेही त्याच अर्जात विचारा. स्नानसंस्काराचा दाखला, पदवीची मूळ प्रमाणपत्रे आणि आधार कार्ड अजून मठातच असतील, तर ती पहिल्या पत्रातच मागा. ती ठेवून घेण्याचे संघाला कारण नाही.