बुडाशी चियेनलुंगचा शिक्का असलेल्या कोरीव चिनी तपकिरीच्या बाटलीचं वर्णन कसं लिहावं?

'दुर्मिळ', 'जेड' आणि 'चियेनलुंगकालीन' हे तीन शब्द सोडून काहीही लिहा. आत्याच्या कपाटातून निघाली, बुडाशी चार चिनी अक्षरं आहेत आणि विकायची आहे, एवढंच तुम्ही सांगितलंय. तेवढ्यावर ती अठराव्या शतकातली ठरत नाही. चीनचा हा सम्राट चियेनलुंग गादीवर आला १७३५ साली आणि उतरला १७९६च्या सुरुवातीस. त्याच्या नावाचा शिक्का मात्र पुढे विसाव्या शतकातही खुशाल कोरत होते.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. १९९७ साली नोकरीनिमित्त हाँगकाँगला होतो. हॉलिवूड रोडवरच्या एका दुकानातून तिथल्या ९०० डॉलरला एक बाटली घेतली. दुकानदाराने चिठ्ठीवर लिहून दिलं: पांढरं जेड, वर पोवळ्याचे मासे. मी वहीत तसंच उतरवलं, शिवाय 'राजवाड्यातील असावी' हे पदरचं. सुट्टीत पुण्याला आलो, तर जेवणं झाल्यावर साडूंनी ती टॉर्चसमोर धरली. "बुडबुडे आहेत हो. काच आहे. औषधाची बाटली घेऊन आलात." सगळे हसले. सासूबाईसुद्धा.

काच होती, कबूल. पण औषधाची बाटली? खांगशी सम्राटाने १६९६ मध्ये पेकिंगच्या राजवाड्यात काचेचा कारखाना काढला तो काय काढ्यासाठी? जेडसारखी, पोवळ्यासारखी काच चिनी कारागीर मुद्दाम बनवत, त्यातच त्यांची मिजास होती. माझ्या बाटलीत पांढऱ्या काचेवर लाल काचेचा थर चढवलाय आणि माशांपुरता ठेवून बाकीचा घासून काढलाय, जेड घडवतात त्याच फिरत्या चकतीने. माशाच्या कडेवर नख फिरवलं की अडकतं. मधली पांढरी जमीन बोटाला किंचित उंचसखल लागते. साच्यातल्या बाजारू मालाची कड वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी असते, नि अरुंद बाजूंवर जोडाची रेघ. हे साडूंना वीस वर्षं सांगतोय.

तर तुमचं वर्णन. उंची टोपण सोडून मोजा, कारण टोपणं सर्रास बदललेली असतात. दगड की काच हे ठाऊक नसेल तर 'जेडसारखी दिसणारी' लिहा. त्यात कमीपणा नाही. जमिनीचा रंग, नक्षीचा रंग, दोन्ही अंगांना काय कोरलंय ते लिहा. वटवाघूळ असेल तर दचकू नका, चिनीत त्याचा उच्चार 'फू', आणि सुदैवाचाही 'फू'च. आतून किती पोखरलीय तेही लिहा; अकीकाच्या काही बाटल्या इतक्या पातळ कोरलेल्या असतात की पाण्यावर तरंगतात. तोंडाशी कपचा उडाला असेल तर तो पहिल्या ओळीत. शिक्का आहे तर 'शिक्का आहे', बस्स. जेड आहे का ते सुरीने ओरखडा काढून बघा म्हणणाऱ्याला चहा न पाजता वाटेला लावा.

किमतीचं मला विचारू नका, मी एकही विकलेली नाही. आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: टोपणाला आतून चिमुकला चमचा असतो. तो हस्तिदंती निघाला तर भारतात विकता येणार नाही, कायद्याने बंदी आहे. माझा बांबूचा आहे. साडूंच्या मते तोही नंतर बसवलेला. त्यात ते बरोबर असावेत.