सासूबाईंचे गुडघे, हेम्प तेल आणि 'रक्त पातळ व्हायची गोळी'

तुमची पोस्ट दोनदा वाचली. सासूबाई पुढच्या महिन्यात साताऱ्याहून येतायत, गुडघे धरलेत, रात्री झोप नाही, 'हृदयासाठी रक्त पातळ व्हायची एक गोळी' चालू आहे, आणि तुम्हाला हवंय हेम्पच्या (गांजाच्याच जातीचं, पण नशा न आणणारं झाड) सीबीडी तेलाचा ब्रँड आणि थेंबांचं प्रमाण. सीबीडी म्हणजे त्या झाडातला नशा न आणणारा एक घटक. वरच्या सगळ्या प्रतिसादांत ब्रँड आहेत. गोळी कुठली, हे एकानेही विचारलेलं नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसले.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, फार्मसिस्टही नाही. न्यू जर्सीत राहते, नोकरी हिशेबाची. खाली जे आहे ते आमच्या घरात घडलेलं, आणि घडून गेल्यावर केलेलं वाचन. तेल म्हणजे काय, ड्रॉपर जिभेखाली कसा धरायचा वगैरे इतरांनी लिहिलंच आहे, ते सोडून देते.

माझ्या आईची हृदयाची एक झडप धातूची आहे. 2003 साली बसवली, तेव्हापासून वॉरफेरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारी गोळी. तिची आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा) 2.5 ते 3.5 च्या मध्ये राहायला हवी. खाली गेली तर झडपेवर गुठळी होण्याची भीती, वर गेली तर रक्तस्राव. सांगलीला दर महिन्याला तपासणी ठरलेली असायची. इथे आल्यावर मी ती 'बघू पुढच्या आठवड्यात' करत सहा आठवडे लांबवली. हा झाला पहिला गाढवपणा. पण मोठा पुढेच आहे.

मावसबहिणीने तेल सुचवलं. 30 मिलिलिटरची बाटली, लेबलवर 1000 मिलीग्रॅम सीबीडी, म्हणजे भरलेल्या ड्रॉपरला साधारण 33. पहिले आठ-दहा दिवस आई सकाळी अनशापोटी अर्धा ड्रॉपर घ्यायची. काही फरक नाही. मग मी कुठेतरी वाचलं की सीबीडी चरबीत विरघळतं, तर स्निग्ध पदार्थाबरोबर द्या. झालं! रात्री गरम भातावर तूप, आणि त्यावर पूर्ण ड्रॉपर. सकाळच्या शिऱ्याबरोबर दुसरा. मला वाटलं, काय हुशार आहे मी. सीबीडीचं जे एकच औषध अमेरिकेत मंजूर आहे, एपिडायोलेक्स, त्याच्या माहितीपत्रकात लिहिलंय की भरपूर चरबीच्या जेवणाबरोबर घेतलं तर शरीरात पोचणारं प्रमाण सुमारे चौपट होतं. हे मी सगळं होऊन गेल्यावर वाचलं. म्हणजे दिवसाला अर्ध्या ड्रॉपरचे झाले दोन पूर्ण ड्रॉपर, आणि वर तुपाची चौपट.

आईला झोप लागायला लागली, हे मी नाकारत नाही. तेलाने की नातवंडं जवळ असल्याने, कुणास ठाऊक.

चौथ्या आठवड्यात दात घासताना बेसिनमध्ये लाल दिसायला लागलं. मग दंडावर करंजीएवढा निळा डाग. 'दाराची कड लागली असेल गं,' म्हणाली. रविवारी दुपारी घोळणा फुटला तो तासभर थांबेना, तेव्हा इमर्जन्सीत नेलं. आयएनआर 6.8.

नर्सने नेहमीचा प्रश्न विचारला. औषधं कुठली, सप्लिमेंट्स, हर्बल काही? मी म्हटलं, 'नो, नथिंग.'

का म्हटलं? आई शेजारी बसली होती, ती माझ्याकडे बघत होती. डोक्यात एकच शब्द, गांजा. शिवाय व्हिजिटर व्हिसा. हे कॉम्प्युटरात नोंदलं गेलं आणि उद्या विमानतळावर कुणी विचारलं तर? तेल कायदेशीर दुकानातून घेतलेलं, डिसेंबर 2018 च्या फार्म बिलाने (अमेरिकेचा शेतीविषयक कायदा) 0.3 टक्क्यांहून जास्त डेल्टा-9 टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक, नसलेलं हेम्प अमली पदार्थांच्या यादीतून काढलेलं, हे सगळं मला माहीत होतं. तरी तोंडातून नाहीच आलं. मध्यमवर्गीय मराठी घरातली लाज, दुसरं काय.

डॉक्टर बिचारे शोधत बसले. पालक खाणं बंद केलंत का? अँटिबायोटिक चालू होतं का? प्रवास, बदललेलं जेवण? डोकं दुखतंय म्हणाली म्हणून सीटी स्कॅन केला. तो सुदैवाने स्वच्छ निघाला. व्हिटॅमिन के दिलं, दोन दिवस गोळी बंद, आणि कारण सापडेना म्हणून वॉरफेरिनचा आठवड्याचा डोस 35 मिलीग्रॅमचा 25 वर आणला. त्यांच्या हातात जी माहिती होती तिच्यावर त्यांनी केलं ते बरोबरच होतं. माहिती मी दिली नव्हती.

घरी आल्याआल्या मी काय केलं? बाटली कचऱ्यात टाकली. अपराधी वाटत होतं ना. आता नीट बघा काय झालं ते. डोस कमी केला होता तो तेल पोटात असताना लागेल त्या हिशेबाने, आणि तेल तर मी काढून टाकलं. नियमित घेतलेल्या सीबीडीचं शरीरातलं अर्धं आयुष्य 56 ते 61 तास आहे, त्यामुळे लगेच काही दिसलं नाही. दोन दिवसांनी आयएनआर 3.1, आम्ही खूश. दहा दिवसांनी 1.4. धातूची झडप आणि 1.4! त्यानंतर सहा दिवस मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर आईला बसवून सकाळ-संध्याकाळ पोटात रक्त गोठू न देणारी इंजेक्शनं दिली. ती पदर बाजूला करून खिडकीबाहेर बघत बसायची.

तेल चालू करताना जपायचं एवढं लोक सांगतात. बंद करतानाही तितकंच जपायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही निदान एवढं लक्षात ठेवा.

उलगडा केला तो इंजेक्शनं देणाऱ्या दुकानातल्या फार्मसिस्टबाईंनी. पिशवी हातात देता देता सहज विचारलं, 'सीबीडी वगैरे काही घेत होत्या का?' मी तिथेच रडले. त्यांनी न रागावता समजावलं, मग स्वतः डॉक्टरांना फोन करून नोंद करवली. तेलामुळेच झालं असं शंभर टक्के कुणी लिहून दिलेलं नाही, तेही सांगते. पण तेलाशिवाय आई पुन्हा 35 वर गेली आणि आयएनआर जाग्यावर आली.

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत असं. वॉरफेरिन असो की सीबीडी, दोघांचा निकाल लिव्हरमधली एन्झाइम्स, म्हणजे औषधं मोडून टाकणारे पदार्थ, लावतात. खेड-शिवापूरच्या टोलनाक्याला चार लेन चालू असताना गाड्या सुरळीत सुटतात. दोन लेनमध्ये ट्रक आडवे लावले की मागे सातारा रस्त्यावर रांग. सीबीडी तो ट्रक. सीवायपी2सी9 नावाच्या एन्झाइमची लेन अडते आणि वॉरफेरिन रक्तात साचत जातं. 2018 साली अशी एक केस नोंदली गेली आहे. अपस्माराच्या रुग्णाला सीबीडी वाढवत नेलं, तेव्हा त्याचं वॉरफेरिन जवळजवळ 30 टक्के कमी करावं लागलं. त्याचा डोस आईच्यापेक्षा पुष्कळ जास्त होता हे खरं. पण आमच्या बाटलीत खरोखर किती होतं ते मला माहीत नाही, आणि तुपाचं वर सांगितलंच.

आता तुमच्या गोळीबद्दल. आपल्याकडे कशालाही 'रक्त पातळ व्हायची गोळी' म्हणतात. इकोस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन, तीही तीच. क्लोपिडोग्रेल, तीही तीच. वॉरफेरिन आणि अ‍ॅसिट्रोमही. पण आतला मामला पूर्ण वेगळा आहे. अ‍ॅसिट्रोम ही वॉरफेरिनची सख्खी चुलत बहीण, तिलाही तेच एन्झाइम लागतं. क्लोपिडोग्रेलचं उलट. ती गोळी लिव्हरमधून जाऊनच कामाला येते, त्यासाठी सीवायपी2सी19 लागतं, आणि सीबीडी नेमकं तेही अडवतं. म्हणजे तिथे भीती औषध कमी पडण्याची. म्हणून सासूबाईंना फोन करा आणि पाकिटामागचं नाव अक्षर अक्षर वाचून घ्या. 'ती गुलाबी गोळी' चालणार नाही. आणि हो, झोपेची, फिट्सची, नैराश्याची गोळी असेल तर तीही सांगा. क्लोबाझाम या फिट्सच्या गोळीबरोबर सीबीडी दिलं की त्या औषधाचा गुंगी आणणारा अंश रक्तात वाढतो, हे नीट अभ्यासलेलं आहे.

वर एका सदस्याने लिहिलंय, 'हे नैसर्गिक आहे, शरीरातच अशी यंत्रणा असते.' असते ना. 1992 मध्ये जेरुसलेमला राफाएल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत मेंदूतलाच एक पदार्थ सापडला, जो टीएचसी पेशींवरच्या ज्या कुलपाला (रिसेप्टरला) किल्लीसारखं लागतं त्यालाच लागतो. त्याचं नाव त्यांनी आपल्या 'आनंद' शब्दावरून ठेवलं, आनंदामाइड. वाचून मलाही फार भारी वाटलं होतं. ती कुलपं दोन प्रकारची. सीबी1 मुख्यतः मेंदूत, सीबी2 जास्त करून प्रतिकारशक्तीच्या पेशींत. टीएचसी सीबी1 मध्ये बसतं म्हणून नशा. सीबीडी तिथे धड बसतच नाही, म्हणून नशा नाही. प्रयोगशाळेत ते आनंदामाइडचं विघटन हळू करतं, सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाच्या एका कुलपावर काम करतं, आणि टीआरपीव्ही1 वरही. टीआरपीव्ही1 म्हणजे मिरची ज्याच्यामुळे झोंबते तो. हे सगळं खरं आहे. पण परीक्षानळीत खरं असलेलं आईच्या गुडघ्यात खरं ठरेलच असं नाही. व्हिएन्नात गुडघ्याच्या संधिवातावर रोज 600 मिलीग्रॅम सीबीडी आठ आठवडे पॅरासिटामॉलच्या जोडीला देऊन पाहिलं, 2023 साली निकाल आला. जास्तीचा काही फायदा नाही. तुमच्या ड्रॉपरमध्ये 33. मंजुरी आहे ती काही दुर्मीळ अपस्मारांसाठी, 2018 पासून, आणि तिथे डोस वजनाच्या किलोमागे मोजतात, लिव्हरच्या चाचण्या करत करत.

माझं स्पष्ट मत, कुणाला राग आला तर येऊ दे. सत्तरीच्या माणसाच्या गुडघ्यांसाठी, त्यात हृदयाची गोळी चालू असताना, मी हे तेल देणार नाही. मांड्यांचे व्यायाम, वजन आटोक्यात ठेवणं, गरम पाण्याचा शेक आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं मलम. कंटाळवाणं आहे, पण सीबीडीची ही भानगड नाही. ज्यांची एकही गोळी चालू नाही अशा धडधाकट लोकांनी घेतलं तर माझं काही म्हणणं नाही, स्वतःच्या जबाबदारीवर घ्या.

तरी द्यायचंच ठरलं तर डॉक्टरांना आधी सांगून. गोळी वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिट्रोम असेल तर आयएनआरची तपासणी तेल सुरू करण्यापूर्वी, मग आठवड्याने, आणि तेल थांबवल्यावर पुन्हा. तेल रोज एकाच वेळी, एकसारख्याच जेवणाबरोबर. बाटलीच्या त्याच बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल मिळत नसेल तर घेऊच नका. 2017 मध्ये ऑनलाइन विकली जाणारी 84 उत्पादनं तपासली होती. लेबलशी जुळली फक्त 31 टक्के, आणि 84 पैकी 18 मध्ये टीएचसी सापडलं. ज्यांच्या नोकरीत लघवीची तपासणी होते (ट्रक चालवणारे तर नक्कीच) त्यांनी या शेवटच्या आकड्याकडे बघावं, 'मी फक्त सीबीडी घेतलं' ही सबब तिथे चालत नाही. आणि 'हेम्प सीड ऑइल' असं लिहिलेली स्वस्त बाटली म्हणजे बियांचं खाद्यतेल, त्यात सीबीडी जवळजवळ नसतंच. कोशिंबिरीवर घाला हवं तर.

परत जाताना उरलेली बाटली सासूबाईंच्या बॅगेत टाकू नका. विमान दुबईमार्गे असेल तर अजिबात नाही, तिथले कायदे फार कडक आहेत.

इन्शुरन्सबद्दल लिहिणार नव्हते, पण हात शिवशिवतायत. आईची व्हिजिटर पॉलिसी होती. बिल साडेआठ हजार डॉलरचं. हेल्पलाइनला तीनदा फोन, प्रत्येक वेळी चाळीस-चाळीस मिनिटं तेच एक पियानोचं संगीत, प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगायचं. एकाने 2003 च्या ऑपरेशनची मूळ कागदपत्रं मागितली. ती सांगलीतल्या ट्रंकेतून भावाने शोधून स्कॅन करून पाठवली, तर त्याच कागदांच्या आधारे 'जुना आजार' म्हणून दावा नाकारला! आम्हीच दोर विकत घेऊन दिला म्हणायचा. तुम्ही पॉलिसी अजून काढली नसेल तर जुन्या आजाराचा अचानक बिघाड झाल्यास पैसे मिळतात का ते कलम आधी वाचा. बऱ्याच पॉलिसींत त्याला वयाची अट असते, आणि ती अट पहिल्या पानावर नसते.

आई आता सांगलीला आहे, दर महिन्याला तपासणीला जाते. गुडघे दुखतातच. परवा फोनवर शेजारच्या काकूंनी भांगेच्या पानांचा कसलासा लेप सांगितल्याचं म्हणाली. मी ओरडायच्या आत तीच म्हणाली, 'विचारलंय गं डॉक्टरांना, नको म्हणाले.'

पाकिटावरचं नाव कळलं की इथेच लिहा. रात्री मुलं झोपल्यावर मी असते.